वाचक विचारतात : ऑल-इन-वन तापून बंद पडतो

प्रश्न : आमचा पाच वर्षांचा ऑल-इन-वन (पडद्यातच सगळे भाग असलेला संगणक) अर्ध्या तासात घरघरायला लागतो आणि पटकन बंद पडतो. सुरू केल्यावर तारीखही चुकलेली असते. नवा घ्यावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : घाई नको. या यंत्रात लॅपटॉपसारखा छोटा ब्लोअर पंखा असतो. त्याच्या तोंडाशी तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांची जाळी असते. तिथे धुळीचा नमद्यासारखा थर बसला की गरम हवा कोंडते आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला यंत्र बंद करतो. आधी प्लग काढा, पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून ठेवा. पडदा मऊ पंच्यावर पालथा घाला. मागचं झाकण बऱ्याचदा खटक्यांवर बसलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका, जुनं प्लास्टिक कार्ड सरकवत उघडा. पंख्याची पाती बोटाने धरूनच हवा मारा, नाहीतर तो गरगरून बेअरिंग जाऊ शकतं. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळली असेल तर पुसून मटाराएवढी नवी लावा.

तारखेचं दुखणं वेगळं : मदरबोर्डवरचा (मुख्य सर्किट बोर्डवरचा) सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल, जो यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवतो, बहुधा संपलाय. मीटरवर ३ व्होल्टऐवजी २.७ च्या खाली दाखवला तर बदला. आणि हो, यंत्र भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे वीतभर जागा सोडा.