गालिच्याचे भोक आणि मोडायला काढलेली मुदतठेव

आपल्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे : यजमानांनी १९८४ साली श्रीनगरहून आणलेल्या सहा बाय चार फुटांच्या लोकरी गालिच्याला कसर लागली, कोपऱ्याजवळ तीन बाय दोन इंचांचे भोक पडले आणि एका टोकाची झालर उसवू लागली. कारागिराने सरसकट २४,००० रुपये सांगितले असून, त्यासाठी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेकरिता राखलेली एक लाखाची मुदतठेव मोडावी का, असे आपण विचारले आहे.

ठेव मोडू नये, असे माझे मत आहे. आपण कळवलेल्या व्याजदरांनुसार मुदतीपूर्वी मोडल्यास साधारण बाराशे रुपयांचे व्याज बुडेल, आणि तेवढ्यासाठी मी अडवले नसते. मात्र पाच महिन्यांनी ज्या दिवशी ती रक्कम लागणार आहे, तो दिवस पुढे ढकलता येण्याजोगा नाही, तर गालिच्याचे भोक भरणे सहज पुढे ढकलता येते. ‘हा गालिचा म्हणजे गुंतवणूक आहे’ हे कारागिराचे वाक्य हिशेबात धरू नये; आपण तो विकणार नाही असे स्वतःच लिहिले आहे, आणि जी वस्तू विकायची नाही तिच्यावरचा पैसा हा खर्चच असतो. हौसेचा खर्च करण्यात काही गैर नाही, फक्त तो निवृत्तिवेतनातून, सवडीने व्हावा.

तरीही २४,००० हा आकडा अवाजवी आहे असे मी म्हणणार नाही. गालिच्याच्या पाठीवर आपण एका इंचात सोळा उभ्या आणि सोळा आडव्या गाठी मोजल्या, म्हणजे चौरस इंचाला २५६ झाल्या. सहा चौरस इंचांच्या त्या भोकात १,५३६ गाठी बसतात, आणि त्याआधी तुटलेले ताणे-बाणे (विणीचे उभे-आडवे धागे) सुईने पुन्हा ओढून घ्यावे लागतात, रंग जुळणारी लोकर शोधावी लागते. हे काम घरी होणार नाही. (पाठीवर कापड चिकटवलेला गालिचा असता, तर एवढा खर्च करूच नका, असे मी सांगितले असते.)

घरी जे होते ते म्हणजे नुकसान आहे तिथेच थांबवणे, आणि ते मात्र याच आठवड्यात व्हायला हवे. झालर म्हणजे ताण्याचीच उरलेली टोके असतात; ती सुटली की शेवटचे बाणे निसटतात आणि मग गाठी गळू लागतात. गोधडीची सुई आणि जाड सुती दोरा घेऊन, झालरीच्या मुळाशी काजासारखा टाका घालत जावे : सुई दोन-तीन बाणे आत, पाठीकडून घ्यावी, दोन-दोन ताणे एकत्र धरावेत आणि दोरा ओढताना कड चुणणार नाही इतपतच ताण द्यावा. भोकाच्या मागे सुती कापड ठेवून कडेने हलके टाके घालावेत. सुईत दोरा ओवायला आणि ताणे मोजायला भाचीला बसवावे, डोळ्यांना ताण देऊ नये. फेव्हिकॉल किंवा इस्त्रीने चिकटणारी पट्टी लावण्याचा शेजारचा सल्ला ऐकू नये, कारण तो गोंद काढण्याची मजुरी पुढे आपल्यालाच द्यावी लागेल.

कसर मात्र टाक्यांनी जात नाही. दोन्ही बाजू, विशेषतः सोफ्याखाली दबलेला भाग, व्हॅक्युमने नीट साफ करावा, झालर तेवढी वगळावी. गालिचा उलटा टाकून पाठीला ऊन दाखवावे. डांबराच्या गोळ्या उघड्या खोलीत ठेवून फारसे काही साधत नाही. या सगळ्याला चार-पाचशे रुपयांपेक्षा जास्त खर्च येऊ नये. घराच्या विम्यातून भरपाई मिळण्याची आशा धरू नका. कसर आणि झीज सहसा त्यातून वगळलेली असते.

शस्त्रक्रिया झाल्यावर कारागिराकडून भोक, झालर आणि धुलाई यांचे वेगवेगळे दर लिहून घ्यावेत. झालर आपण थोपवलेली असल्याने रक्कम बहुधा कमी होईल. दरमहा २,००० रुपयांचे आवर्ती खाते आताच उघडले, तर वर्षभरात मूळ २४,००० सुद्धा जमतील. गालिचा सोपवण्यापूर्वी भोकाशेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, आणि आगाऊ रक्कम एक तृतीयांशाहून अधिक देऊ नये.