कासच्या राइडला पहिल्यांदा येतोयस, तर एवढं वाच

टाकी आदल्या रात्रीच साताऱ्यात फुल कर, टायरची हवा बघ. बाकी लक्ष यवतेश्वरच्या घाटावर दे.

सरळ रस्त्यावर आपण तिरकी रांग धरतो: पुढचा उजवीकडे असेल तर तू डावीकडे, आणि त्याच्यापासून किमान 2 सेकंदांचं अंतर. वळणं लागली की ही रचना सोडून एकामागे एक. उजव्या वळणाला नीट जप. टायर मधल्या पट्ट्याच्या आत असतो, पण गाडी झुकली की डोकं पलीकडच्या लेनमध्ये जातं, आणि समोरून एसटी येते. म्हणून वळणात शिरताना डावी कड धर. ब्रेक वळणाआधीच, गाडी सरळ असताना मारायचा. वस्तीपाशी रस्त्यावर ओलं शेण असतं, तिथेही हळू.

मागचा आरशात दिसेना, तर वेग कमी कर. तू स्वतः मागे पडलास तर मात्र गाठायला पळवू नकोस रे, कळकळीने सांगतोय. स्वीप रायडर, म्हणजे गटात सगळ्यात शेवटी चालणारा, तुझ्या मागेच असतो आणि फाट्यावर पुढचे थांबतातच.

कासला फुलांत गाडी घालायची नाही, पायसुद्धा नाही. 2012 पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे, आणि आपलंच आहे. जेवण बामणोलीला, शिवसागरच्या काठावर.