महागाईचा दर खाली आला म्हणतात, मग आमचा घरखर्च का उतरत नाही? आणि महागाई सगळ्यांना सारखीच बसते का?

तुमचे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच उत्तर देतो.

महागाईचा दर म्हणजे भाव वाढण्याचा वेग. ऑक्टोबर 2025 मध्ये देशातला किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्क्यांवर आला होता. याचा अर्थ भाव वर्षभरापूर्वी जिथे होते जवळपास तिथेच थांबले, इतकाच. समजा, डाळ शंभराची दीडशे झाली आणि पुढच्या वर्षी एकशे त्रेपन्न. त्या दुसऱ्या वर्षीचा दर फक्त 2 टक्के निघतो, पण तुमच्या खिशातून शंभराऐवजी एकशे त्रेपन्नच जातात. पगार मधल्या काळात दीडपट झाला नसेल, तर दर कितीही खाली आला तरी ओढाताण संपत नाही.

दुसरी गोष्ट, हा आकडा सरासरी टोपलीचा, म्हणजे सरासरी घर घेतं त्या वस्तू-सेवांचा असतो. 2012 हे पायाभूत वर्ष धरून महागाई मोजणाऱ्या निर्देशांकात खाद्यपदार्थांचा वाटा देशभरासाठी 45.86 टक्के होता. ग्रामीण भागासाठी 54.18 आणि शहरी भागासाठी 36.29. त्यात घरभाडं फक्त शहरांसाठी मोजलं जायचं. आता प्रत्यक्ष खर्च बघा. 2023-24 च्या सरकारी उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च 6,996 रुपये निघाला. पण शहरातल्या सर्वांत खालच्या 5 टक्क्यांचा 2,376 आणि सर्वांत वरच्या 5 टक्क्यांचा 20,310 रुपये होता. या दोघांना एकच दर लावून काही कळत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की उत्पन्न किती, यापेक्षा खर्चातला किती भाग कमी-जास्त करता येतो ते आधी पाहा. महागाईत घर कुठे मोडेल ते त्यावर ठरतं.

हिशेबासाठी पुण्यातल्या वस्तीत भाड्याच्या खोलीत राहणारं चौघांचं घर घेऊ. दोघं कमावतात, मिळून महिना 18,000. किराणा, दूध, भाजी 8,000; खोलीभाडं आणि वीज 4,500; गॅस 900; प्रवास 1,200; मुलांची शिकवणी, वह्या 1,000; मोबाइल 500; औषधं 700; आणि उरलेले 1,200 भिशीत. अन्न 10 टक्क्यांनी महागलं की 800 रुपये लागतात. उत्पन्नाच्या मानाने ते साडेचार टक्केच, पण भिशीचे दोन तृतीयांश गेले. महिन्याला 65,000 आणणाऱ्या घराचा किराणा, दूध, भाजी 15,000 असेल, तर त्याला हाच धक्का 2.3 टक्क्यांचा. दोन लाखांच्या घरात 28,000 अन्नावर जात असतील तर 1.4 टक्के, आणि तिथे तो बहुतेक वेळा जाणवतही नाही.

18,000 च्या घरात काटकसर साधारण ठरलेल्या क्रमाने होते, आणि त्यातली पहिलीच पायरी चुकीची असते. आधी फळं, अंडी आणि दूध कमी होतं, मग डाळ पातळ होते. तांदूळ, पोळी, साखर मात्र तशीच राहते, कारण पोट त्यावर भरतं. सहा महिन्यांनी याची किंमत औषधांच्या रकान्यात दिसते. तूर महाग झाली तर डाळ पातळ करण्यापेक्षा निम्मी मसूर किंवा मूग मिसळावी. शिजायलाही कमी वेळ लागतो, म्हणजे गॅसही वाचतो.

या घराला आणखी एक भुर्दंड बसतो, सुट्या खरेदीचा. रोजच्या रोज छोटी पुडी, छोटं पाकीट घेतलं की किलोमागे भाव जास्त पडतो. आता पाकिटावर एककामागचा भाव, म्हणजे प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किती रुपये, छापणं बंधनकारक आहे. तुलना त्याचीच करायची, वरच्या मोठ्या अक्षरातल्या किमतीची नाही. तेलात तर हमखास फसगत होते. एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. बाजारात 850, 800, 750 ग्रॅमच्या पिशव्याही त्याच आकाराच्या दिसतात. 140 रुपयांची 910 ग्रॅमची पिशवी किलोला 154 रुपये पडते. 128 ची 800 ग्रॅमची पिशवी स्वस्त वाटते, पण पडते 160 ला. तेलाच्या भावाचं मूळही आपल्या हातात नाही. निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात होतं, त्यामुळे सप्टेंबर 2024 मध्ये आयात शुल्क वाढलं तेव्हा सणाच्या तोंडावर भाव चढले.

प्रवासाचंही तसंच. पुण्याच्या शहर बसचं (पीएमपीएमएल) किमान भाडं 1 जून 2025 पासून 5 चं 10 झालं. दिवसाला दोन फेऱ्या, महिन्याला 26 दिवस, म्हणजे 260 चे 520. देशाच्या निर्देशांकात हे कुठे दिसतही नाही, पण या घराच्या उत्पन्नाचा 1.4 टक्का एका झटक्यात गेला. जी बाई चार घरची कामं करते ती मग एक थांबा आधी उतरून चालते किंवा लांबचं काम सोडते. काम सोडलं की खर्चाबरोबर कमाईही घटते.

रेशन मिळत असेल तर ते सोडू नका. रेशनकार्डाच्या ‘प्राधान्य’ गटातल्या कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य जानेवारी 2023 पासून मोफत आहे. चौघांना 20 किलो. बाजारात किलोला 35 रुपये धरले तरी महिन्याला 700 वाचतात. गाव सोडून आलेल्यांनी लक्षात ठेवावं की कार्ड गावचं असलं तरी शहरातल्या दुकानातून धान्य उचलता येतं. अडतं ते आधारच्या ई-केवायसीपाशी, म्हणजे बोटाच्या ठशाने ओळख पटवण्यापाशी: घरातल्या एकाचं राहिलं की त्याच्या वाट्याचं धान्य थांबू शकतं. लहान मुलांचे आणि घासलेल्या बोटांच्या म्हाताऱ्या माणसांचे ठसे जुळत नाहीत, त्यांचं काम आधी करून घ्यावं.

वर्षाचं धान्य भरावं का, हा प्रश्न नेहमी येतो. हातात रोख असेल तर जरूर. गहू एप्रिल-मे महिन्यांत, नवी तूर बाजारात आल्यावर डाळ, आणि कांदा उन्हाळी. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. उन्हाळी कांदा हवेशीर जागी, एकावर एक न रचता पसरून ठेवला तर दिवाळीपर्यंत जातो, आणि नेमक्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्येच तो महागतो. गव्हाला दोन दिवस कडक ऊन द्यायचं, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरायचा. गरम धान्य भरलं की आत दमटपणा धरतो आणि टोके, पोरकिडे होतात. पण हेच धान्य व्याजाने पैसे काढून भरू नका. महिना 2 टक्के व्याजाने रक्कम घेऊन वर्षभर थोडी थोडी फेडली, तरी व्याज 13 टक्क्यांच्या आसपास जातं. हंगामात घेतल्याने जो 10-12 टक्के फायदा होणार, तो तिथेच संपला.

कर्जाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण गरीब घर महागाईने थेट मोडत नाही, महागाईपायी घेतलेल्या कर्जाने मोडतं. बचत गटाचं कर्ज सहसा महिना 1 ते 2 टक्क्यांचं. खाजगी सावकाराने महिना 10 टक्के लावले तर वर्षाला 120. मायक्रोफायनान्ससाठी, म्हणजे विनातारण छोट्या कर्जांसाठी, रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम असा की घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. 18,000 च्या घराला म्हणजे 9,000 पर्यंतचे हप्ते नियमात बसतात. पण त्या घराचं अन्न, भाडं आणि वीज मिळून 12,500 होतात! त्यामुळे नियमात बसतो म्हणून हप्ता झेपतो असं समजू नये. या घराने सगळ्या हप्त्यांची मर्यादा 1,200 च्या आसपासच धरावी, आणि एक हप्ता फेडायला दुसरं कर्ज तर काढूच नये.

आता 65,000 चं घर. गृहकर्जाचा हप्ता 19,000, अन्न 15,000, पेट्रोल 5,000, वीज-गॅस-मोबाइल-सोसायटी 6,000, औषधं आणि आईवडिलांना 4,000. बेरीज 49,000. वाटतं, 16,000 उरतात. पण शाळेची फी 60,000, बस 18,000, वह्या-गणवेश 12,000, विम्याचे हप्ते 36,000, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग 14,000, दिवाळी आणि गावी जाणं 20,000. हे वर्षाचे 1,60,000 झाले, महिन्याला 13,300. खरी शिल्लक 2,700. या वर्गाचं बजेट नेमकं इथे चुकतं: जूनमध्ये फी भरायला क्रेडिट कार्ड पुढे येतं, मग ‘किमान देय रक्कम’ भरत राहायची, आणि महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42 टक्के व्याज चढत जातं. उपाय साधा आहे. 13,300 पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात किंवा आवर्ती ठेवीत टाकायचे आणि ते पैसे आपले नाहीतच असं समजायचं.

या घराचा सर्वांत मोठा धक्का मात्र किराण्याचा नसतो, व्याजदराचा असतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. 25 लाखांचं 20 वर्षांचं कर्ज 6.75 टक्क्यांनी असताना हप्ता सुमारे 19,000 होता, 9.25 टक्क्यांना तो सुमारे 22,900 होतो. 2,700 शिल्लक असलेल्या घरातून 3,900 कुठून येणार? बऱ्याच जणांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत वाढली, म्हणून त्यांना कळलंही नाही. नव्या कर्जात तर हे घातकच: 25 लाखांवर 9.25 टक्क्यांनी एका महिन्याचं व्याजच 19,271 होतं, म्हणजे 19,000 च्या हप्त्यातून व्याजही भागत नाही आणि मुद्दल वाढत जातं. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हा पर्याय ग्राहकाला द्यायला हवा. 2025 मध्ये रेपो उतरत 5.25 पर्यंत आला. तुमच्या कर्जाचा दर त्या प्रमाणात उतरला का ते विवरणपत्रात पाहा. कर्ज ऑक्टोबर 2019 च्या आधीचं असेल तर ते बहुधा जुन्या पद्धतीच्या दराला जोडलेलं असतं. थोडं शुल्क भरून रेपोशी जोडलेल्या दरावर बदलून मागा. तरत्या (फ्लोटिंग) दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो.

विजेचं बिल टप्प्यांमुळे चढतं. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटच्या पुढचं प्रत्येक युनिट जवळजवळ दुप्पट भावाचं पडतं. वाचवायची ती वरची युनिटं. 75 वॉटचा जुना पंखा रोज 12 तास चालला तर महिन्याला 27 युनिटं; 30 वॉटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा सुमारे 11. दोन किलोवॉटचा गिझर रोज अर्धा तास म्हणजे 30 युनिटं.

दोन लाखांच्या घराबद्दल फार लिहीत नाही. तिथे अन्न नाही, सेवा महागतात: शाळा, रुग्णालय, घरकामाच्या बाईंचा पगार (तो वाढायलाच हवा). आणि बचत आतून झिजते. 7 टक्क्यांची मुदत ठेव 30 टक्के कर आणि त्यावरचा उपकर धरून 4.8 टक्क्यांवर येते. 6 टक्के महागाईत 80,000 चा खर्च 12 वर्षांत 1,60,000 होतो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेला; नूतनीकरणाच्या बिलात तो लावलेला नाही ना, पाहा.

तुमच्या घराचा स्वतःचा दर काढायचा असेल तर गेल्या वर्षीची आणि या वर्षीची त्याच महिन्याची किराण्यासह सगळी बिलं घ्या; फी-विम्यासारख्या वर्षाच्या खर्चाचा बारावा भाग धरा. जुलैची मार्चशी तुलना केली तर भाजीचा हंगामी चढउतार महागाई म्हणून मोजला जातो. परिमाण सारखं ठेवा: गेल्या वर्षी 4 लिटर तेल असेल तर आजच्या भावानेही 4 लिटरच धरा, नाहीतर तुम्ही केलेली काटकसर महागाई लपवते. प्रत्येक रकान्यात किती रुपये वाढले ते लिहा आणि बेरजेला जुन्या एकूण खर्चाने भागा. वरच्या 65,000 च्या घरात अन्नात 450, फी-विम्याच्या रकान्यात 1,330, वीज वगैरे 300, औषधं 320 वाढले, तर बेरीज 2,400. जुना खर्च 62,300. दर निघतो 3.85 टक्के, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग एकट्या फी-विम्याचा. असा सर्वांत जास्त वाढलेला रकाना सापडला की काम तिथून सुरू करा. भाजीवालीशी पाच रुपयांची घासाघीस करून तो भरून निघत नाही.