एमएस्सी करताना बाळंतपण आलं तर ७५ टक्के हजेरीचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमएस्सी केमिस्ट्रीचं तिसरं सत्र, बाळंतपणाची तारीख सत्राच्या मधोमध, आणि विभाग म्हणतोय की ७५ टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेचा फॉर्म घेणार नाही. पुढे पीएचडी करायचीय, म्हणून वर्ष वाया जायला नको.

वर्ष वाचू शकतं. मात्र अर्जात नेमकं काय मागायचं हे आधी ठरवा, बहुतेक अर्ज तिथेच फसतात.

२६ आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा नोकरदार स्त्रियांसाठी आहे. विद्यार्थिनीला तो लागू होत नाही, त्यामुळे त्याचा हवाला देऊ नका. तुमच्या कामाचं आहे ते यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, १४ डिसेंबर २०२१ चं पत्र. विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजेचे नियम करा आणि हजेरी, परीक्षेचा अर्ज भरायची मुदत वगैरे बाबतीत सवलत द्या, पदवी आणि पदव्युत्तर वर्गांनाही द्या, असं त्यात सगळ्या कुलगुरूंना कळवलंय. त्यानुसार तुमच्या विद्यापीठाने परिपत्रक काढलंय का, हे आधी संकेतस्थळावर पाहा. नसेल तर अर्जाला यूजीसीचं पत्रच जोडा.

आता हजेरीचा हिशोब. समजा सत्र ९० दिवसांचं आहे आणि तुम्ही ४५ दिवस येणार नाही. ‘वैद्यकीय कारणास्तव माफी’ मागितलीत तर तुमची हजेरी ९० पैकी ४५, म्हणजे ५० टक्केच धरली जाते, आणि प्राचार्यांनी दहा टक्के माफ केले तरी ७५ गाठत नाही. त्याऐवजी ‘प्रसूती रजेचे दिवस एकूण कामकाजाच्या दिवसांतून वगळून हजेरी मोजावी’ असं लिहा. मग ४५ पैकी ३४ दिवस भरले की झालं. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एमएडच्या एका विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल दिला, तोही याच धर्तीवर: ५९ दिवसांच्या प्रसूती रजेचा विचार करा आणि मग हजेरी भरत असेल तर परीक्षेला बसू द्या. म्हणूनच गैरहजेरीचे बाकीचे दिवस आत्ता वाचवा. सातव्या-आठव्या महिन्यात उगाच बुडवलेले तास शेवटी नडतात.

अर्ज सत्र सुरू होताच द्या. कमी हजेरीवाल्यांची यादी लागल्यावर दिलेल्या अर्जाकडे कुणी सहानुभूतीने बघत नाही. डॉक्टरांच्या दाखल्यावर अपेक्षित तारीख, विश्रांती कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि त्यांचा नोंदणी क्रमांक हवा. नुसतं ‘विश्रांतीचा सल्ला दिला आहे’ चालत नाही. अर्ज प्राचार्यांच्या नावे लिहा, प्रत विभागप्रमुखांना आणि परीक्षा विभागाला द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. हा शिक्का फार महत्त्वाचा. विभागप्रमुख तोंडी ‘हो, बघू’ म्हणतात, परीक्षा विभागाला पत्ताच नसतो, फॉर्मची ऑनलाइन खिडकी बंद होते, आणि मग दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. फॉर्म भरायची जबाबदारी घरातल्या किंवा वर्गातल्या कुणावर तरी आत्ताच सोपवा, लॉगिनसकट.

इंटर्नल आणि प्रॅक्टिकल वेगळे मागावे लागतात, रजा मंजूर झाली म्हणून ते आपोआप सुटत नाहीत. इंटर्नलला गैरहजर म्हणजे शून्य गुण. तेव्हा पर्यायी तारीख किंवा असाइनमेंट लेखी मागा. प्रॅक्टिकल शक्य तितके आधीच्या बॅचबरोबर उरकून जर्नल तपासून, सही करून घ्या.

आणि लॅबबद्दल आजच बोला, रजेची वाट पाहू नका. बाळाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांत घडत असतात, त्यामुळे पोट दिसायला लागल्यावर सांगून उपयोग नाही. बेंझिन, टोल्युईन, फॉर्माल्डिहाइड, पारा आणि शिशाची संयुगं तुमच्या हाती नकोत. त्या प्रयोगांत निरीक्षणं टिपणं आणि आकडेमोड तुमच्याकडे आणि हाताळणी जोडीदाराकडे, असं सरांना सुचवा. फ्यूम हूड, म्हणजे विषारी वाफा बाहेर खेचणारं कपाट, नीट चालत नसेल तर त्या खोलीत उभंही राहू नका. अशी मागणी करणं म्हणजे नखरे नव्हेत.

परीक्षा बाळंतपणाआधी येत असेल तर तळमजल्यावर, स्वच्छतागृहाजवळ जागा मागा. नंतर येत असेल तर दूध पाजायला जवळची खोली, आणि तोवर बाळाजवळ थांबणाऱ्या माणसाला आवारात प्रवेश, दोन्हीची परवानगी आधीच घ्या. पेपर द्यायचाच नसेल तर ‘गैरहजर’ शेरा पडल्यावर पुढचा पेपर पहिला प्रयत्न धरतात की दुसरा, हे परीक्षा विभागाकडून लेखी घ्या. काही ठिकाणी गुणवत्ता यादीला याचा फटका बसतो.

पीएचडीत नियम जास्त स्पष्ट आहेत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पूर्ण पीएचडीत मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते. एरवीची मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत, पण एकूण दहाच्या पुढे नाही. फेलोशिप मात्र वेगळी बाब आहे. विद्यापीठाने रजा दिली तरी पैसे देणाऱ्या संस्थेची मंजुरी वेगळी घ्यावी लागते, नाहीतर रजेतले हप्ते अडकतात. गाईडच्या सहीने अर्ज दोन्हीकडे एकाच दिवशी पाठवा.