शेवटचा वर्ग चुकवू नकोस

प्रिय मुली,

सातवा महिना लागला, डॉक्टरांनी प्रसूतिपूर्व वर्गाला जायला सांगितलं, आणि तू विचारतेस, सगळं मोबाइलवर मिळतं तर जायचं कशाला?

अगं, कळ आली की वाचलेलं काही आठवत नाही. अंगवळणी पडलेलं तेवढं उपयोगी येतं. मी बरीच वर्षं हे वर्ग घेते. कळ म्हटलं की बाई आधी श्वास रोखते आणि मुठी आवळते. भीतीनं अंग आखडतं, आखडलं की दुखणं वाढतं. ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरांनी हे १९३३ साली मांडलं होतं. म्हणून श्वास सावकाश सोडायचा, जबडा सैल, खांदे खाली. दिसायला सोपं आहे, पण आतापासून रोज दहा मिनिटं कर.

नवऱ्याला बरोबर ने, आणि त्याला मागच्या खुर्चीत बसू देऊ नकोस. माकडहाडाच्या थोडं वर, तळव्याचा मनगटाकडचा भाग टेकवून कळ ओसरेपर्यंत दाबायचं असतं. किती जोर लावायचा, हे त्याच्या हाताला आधीच कळलेलं बरं.

दवाखान्यात कधी निघायचं, हे तुझ्या डॉक्टरांना नीट विचारून ठेव. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर मात्र कळा मोजत बसू नकोस, लगेच निघ. सिझेरियन झालं तर आपण कुठे कमी पडलो, असं मनात आणू नकोस.

आता मला खरं सांगायचंय ते शेवटच्या वर्गाबद्दल. बाळंतपणानंतर काय करायचं, ते त्यात आधीच शिकवतात. पुष्कळजणी तो सोडतात, कारण तोवर जीव कळांतच अडकलेला असतो. मीही सोडला होता. तिसऱ्या दिवशी बाळाचं वजन घटलं आणि मला वाटलं, माझं दूधच पुरत नाही. सुरुवातीच्या दिवसांत वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत घटू शकतं, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं, हेही नाही. त्याच्या तोंडात नुसतं बोंड नको, भोवतीचा काळसर भागही बराचसा जायला हवा. खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी तुझ्या छातीला टेकलेली. मी बोंडावरच पाजत राहिले आणि भेगांनी रडले.

रडू तसंही येतंच. पहिल्या काही दिवसांत उगाच डोळे भरतात, बहुतेकींचं दोन आठवड्यांत निवळतं. त्यापुढेही मन उठलेलंच राहिलं, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करावी असं मनात आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांग. नवऱ्यालाही हे आत्ताच सांगून ठेव, कारण तेव्हा तुला स्वतःहून बोलायचं सुचेलच असं नाही.

त्या वर्गात बाहुली देतात. मान सावरून तिला उचलायचं आणि पाठीवर निजवायचं. आधी नवऱ्याच्या हातात दे. जमलं का, ते मला कळव.

तुझी,
मावशी