रात्रीचं खाणं दुपारीच सुरू होतं

प्रश्न : डॉक्टर, मी ३८ वर्षांची आहे, एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. महिनाअखेरीला आमच्याकडे डोकं वर काढायला फुरसत नसते. सकाळी नुसत्या कॉफीवर निघते. डबा नेते, पण तो बहुतेक वेळा तसाच परत येतो, कारण दुपारी खरंच भूक नसते. रात्री नऊला घरी आले की मात्र ताबा सुटतो. फ्रीज उघडून उभ्यानेच हाताला लागेल ते खाते : बिस्किटं, चीज, उरलेलं अन्न, मुलांसाठी आणलेलं चॉकलेट. त्यानंतर सगळ्यांबरोबर जेवायलाही बसते. साहेब चारचौघांत काही बोलले असतील त्या दिवशी तर विचारूच नका. सकाळी वजनकाट्यावर किलोभर वाढ दिसते, मग शिक्षा म्हणून नाश्ता बंद. दोन वर्षांत सात किलो वाढले आहेत. माझ्या नवऱ्याचं कामही तितकंच ताणाचं, पण तो अशा दिवसांत उलट वाळतो. म्हणजे माझाच मनावर ताबा नाही, असंच ना?

उत्तर : नाही, असं नाही. पण हिशेबातल्या माणसाला ताळा लागल्याशिवाय पटत नाही, तेव्हा तुमचा दिवस सकाळपासून मांडू.

दुपारी भूक नव्हती हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. तातडीचा ताण आला की अॅड्रेनॅलिन सुटतं, रक्त स्नायूंकडे वळतं आणि जठराचं काम मंदावतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून याच वेळी सीआरएच नावाचं संप्रेरक सुटतं, तेही भूक दाबतं. त्यात पोटात कॉफी. मग डबा समोर असून घास उतरत नाही. पण याच साखळीत पुढे अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी) कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक सोडतात, आणि ते अॅड्रेनॅलिनसारखं काही मिनिटांत ओसरत नाही, बराच वेळ रेंगाळतं. कॉर्टिसोल भूक वाढवतं. ही भूक साध्या जेवणावर भागत नाही, तिला गोड आणि स्निग्ध हवं असतं. म्हणजे दुपारी तुमची भूक गेलेली नव्हती, ती दाबून ठेवलेली होती. रात्री नऊला काम संपलं, दाब उठला आणि दिवसभराचं देणं व्याजासकट समोर आलं.

आता मला एक सांगा. फ्रीज उघडता तेव्हा बॅग खांद्यावरून उतरलेली असते का? पायातल्या चपला? माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे हमखास विचारते. बहुतेक जण आधी हसतात, मग जरा गप्प होतात. बॅगेसकट फ्रीजपाशी पोचणारा माणूस नुसता भुकेला नसतो. सकाळपासून दुसऱ्यांनी सांगितलेलंच करत आलेला असतो, आणि त्या दिवसात कुणी न सांगता केलेली पहिली गोष्ट म्हणजे ते बिस्किट.

आरोग्याच्या पुरवण्यांमध्ये ‘पोटाची भूक’ आणि ‘मनाची भूक’ असे दोन रकाने छापतात. ते चूक नाहीत, पण तुमच्या कामाचे नाहीत. नऊ वाजता तुमच्याकडे दोन्ही भुका एकदमच आलेल्या असतात. अशा वेळी फ्रीजसमोर उभं राहून ‘ही नक्की कुठली’ असा विचार कुणी करू शकेल, असं मला वाटत नाही. आधी पोटाचा वाटा वेळेवर देऊन टाकायचा, मग मनाचा किती उरतो ते आपोआप दिसतं.

म्हणून सुरुवात दुपारपासून करा, रात्रीला तूर्त हात लावू नका. महिनाअखेरीला ‘भूक लागली की खाईन’ हा नियम चालणार नाही, कारण तेव्हा भुकेचा निरोप तुमच्यापर्यंत पोचतच नाही. घड्याळ बघून खा. एक वाजता अर्धा डबा. टेबल सोडून उठता आलं तर उत्तम, नाही तर स्क्रीनसमोर बसून खा, मी रागावणार नाही. संध्याकाळी साडेपाच-सहाला पुन्हा काहीतरी, ज्यात प्रथिनं असतील असं : अंडं, दही, मूठभर दाणे. एवढ्याने रात्रीचा जोर किती उतरतो ते पुढच्या महिनाअखेरीला पाहा.

नाश्त्याची शिक्षा मात्र आजपासून बंद. १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. काही तरुणींना आधी मिल्कशेक दिला, मग ‘चव सांगा’ म्हणून हवं तेवढं आइस्क्रीम खायची मुभा दिली. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, हे साहजिकच. पण ज्या खाण्यावर सतत लगाम ठेवून होत्या, त्यांनी मिल्कशेक न मिळालेल्यांपेक्षा जास्त खाल्लं. एकदा मोडलंच आहे तर मग आता कशाला, असा तो हिशेब. सकाळी नाश्ता टाळून तुम्ही रात्रीची तयारी करून ठेवता.

वजनकाट्याबद्दलही सांगते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. एका रात्रीत किलोभर चरबी चढायला रोजच्या गरजेवर तेवढं जास्तीचं खावं लागेल, आणि ते तुमच्या फ्रीजमध्ये नसावं. सकाळी दिसतं ते मुख्यतः पाणी, मीठ आणि न पचलेलं अन्न. दोन वर्षांतले सात किलो खरे आहेत, पण ते रोज थोडं-थोडं जास्त खाऊन आले, कुठल्या एका रात्रीने नाही. आठवड्यातून एकदा वजन केलं तरी पुरे.

आता तुमचे यजमान. ब्रिटनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५ पासून चाललेला ‘व्हाइटहॉल टू’ नावाचा मोठा अभ्यास आहे. त्यात २००६ मध्ये असं दिसलं की कामाच्या ताणाखाली मुळात सडपातळ असलेल्या पुरुषांचं वजन घटत होतं, आणि आधीच जाड असलेल्यांचं वाढत होतं. एकच ताण, परिणाम उलटे. तेव्हा नवऱ्याशी तुलना सोडा. आणि त्यांच्या वाळण्याचं कौतुकही नको. ताणात जेवण सुटणं ही तब्येतीची चांगली खूण नाही. एक वाजता त्यांनाही फोन करून जेवायला बसवा.

रात्री घरात शिरल्यावर बॅग ठेवा, चपला काढा, तोंड धुवा, कपडे बदला. मग जे खायचं ते ताटात घेऊन बसून खा. चॉकलेट हवं असेल तर तेही ताटात. चॉकलेट वर्ज्य केलंत तर त्याची ओढ वाढेल.

राहता राहिले साहेब. ते बोलतात त्या दिवशी निघण्यापूर्वी दोन ओळी लिहा : ते काय म्हणाले आणि तुम्हाला काय वाटलं. किंवा वाटेत मैत्रिणीला फोन करून मनसोक्त तक्रार करा. रागाला निदान राग म्हणून वाट मिळू दे, नाही तर तो घरी येऊन बिस्किटं मागतो. हे झालं तात्पुरतं. माणसाला चारचौघांत पाणउतारा सहन करावा लागत असेल तर त्यावर आहाराचा तक्ता हे उत्तर असू शकत नाही. ती गोष्ट कामाच्या ठिकाणीच, वरच्यांशी बोलून सोडवावी लागेल. डॉक्टरांनी ती ‘तुमचं खाणं सांभाळा’ म्हणून तुमच्यावर ढकलू नये, असं माझं मत आहे.

एक तपासून बघा. थोड्या वेळात खूप खाल्लं जाणं, थांबायचं म्हटलं तरी थांबता न येणं, आणि नंतर तीव्र अपराधीपणा, असं आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने चालू असेल, तर हा बिंज ईटिंगचा आजार असू शकतो. २०१३ पासून मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र जागा आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. खाल्लेलं मुद्दाम उलटी करून काढत असाल तर महिनाअखेर उलटायची वाट पाहू नका, लगेच दाखवा.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. नवीन प्रोजेक्टमुळे रात्री दोनपर्यंत जागतो आणि सातला उठतो. दिवसभर सारखं काहीतरी तोंडात टाकत राहतो. हे ताणामुळे होतं की सवयीमुळे?

उत्तर : आधी झोप बघा. शिकागो विद्यापीठात २००४ साली १२ निरोगी तरुणांवर झालेल्या प्रयोगात दोन रात्री फक्त चार-चार तास झोप दिल्यावर, भरपूर झोपेच्या तुलनेत, पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि स्वतःची भूक त्यांनीच २४ टक्क्यांनी जास्त सांगितली. प्रयोग लहान आहे, पण ज्यांनी परीक्षेच्या रात्री जागवल्या आहेत त्यांना तो पटेल. रात्रीचं काम एक वाजता थांबवून बघा. प्रोजेक्ट बुडणार नाही. बारानंतर लिहिलेलं सकाळी पुन्हा दुरुस्त करावं लागतं, हे तुम्हालाही माहीत असेल.

प्रश्न : ताणामुळे कॉर्टिसोल वाढून पोट सुटतं, असं सगळीकडे वाचते. कॉर्टिसोलची तपासणी करून ते कमी करणाऱ्या गोळ्या सुरू कराव्यात का?

उत्तर : गोळ्या नकोत. कॉर्टिसोल सकाळी उठल्यानंतर सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सर्वांत कमी असतं. त्यामुळे कधीही रक्त देऊन आलेल्या एका आकड्यावरून काहीच ठरत नाही. खऱ्या कुशिंग आजारात कॉर्टिसोल बेसुमार वाढतं, पण त्याची लक्षणं वेगळी असतात : पोटावर रुंद जांभळट चट्टे, जरा लागलं तरी काळंनिळं पडणं, खुर्चीतून उठताना मांड्यांत बळ न राहणं. यातलं काही असेल तर तपासण्या तुमचे डॉक्टर ठरवतील. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइड घेत असाल तर तेही त्यांना सांगा, पण ते स्वतःहून एकदम बंद करू नका. एरवी गोळ्यांची जाहिरात बघितल्यावर एकच करा : तिच्यात कशाची किती मात्रा आहे ते शोधा. मला ती बहुधा सापडत नाही.