मुंबई-पुण्यात मतदान ५० टक्क्यांच्या आसपासच अडकतं. सक्ती केली तर वाढेल का?

वाढेल. ऑस्ट्रेलियात १९२२ साली ६० टक्क्यांच्या आत मतदान झालं होतं. १९२४ मध्ये सक्ती आली आणि १९२५ ला आकडा ९१ च्या वर गेला. पण तिथे मतदान शनिवारी असतं, स्वतःच्या राज्यातल्या कुठल्याही केंद्रावर मत देता येतं, टपालानेही देता येतं. एवढी सोय केल्यावर २० डॉलरचा दंड मागायला तोंड उरतं. गुजरातने स्थानिक निवडणुकांपुरती सक्ती केली होती, तिला २०१५ मध्ये उच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली.

आपल्याकडे खरं दुखणं यादीचं आहे. टक्केवारी काढताना छेदात यादीतली सगळी नावं येतात: वारलेले, घर सोडून गेलेले, दोन ठिकाणी नोंदलेले. १,००० पैकी १५० नावं अशी असली आणि ५०० जणांनी मत दिलं, तर ५० टक्के दिसतात. प्रत्यक्षात ते जवळपास ५९ असतात. भाडेकरूंच्या शहरात यादी लवकर शिळी होते. आज दंडाच्या नोटिसा काढल्या तर त्यातल्या कितीतरी मयतांच्या नावाने निघतील.

घर बदललं की नमुना ८ भरा, म्हणजे जुन्या पत्त्यावरचं नाव निघतं. बरेच जण नमुना ६ भरतात; तो पहिल्या नोंदणीचा, त्यामुळे नाव दोनदा येतं. निवडणूक जाहीर झाल्यावरही अर्ज चालतो, पण उमेदवारी भरण्याच्या शेवटच्या तारखेच्या १० दिवस आधी तो पोचायला हवा, कारण हरकतींना ७ दिवस द्यावे लागतात. कार्ड खिशात आणि नाव गायब, हा मतदानाच्या सकाळचा घोळ बहुतेक वेळा इथलाच.

दुसरं, सुट्टी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब प्रमाणे रोजंदारीवाल्यालाही भरपगारी सुट्टी द्यावी लागते. न देणाऱ्या मालकाला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये! सक्ती करायचीच तर आधी इथे करा. वारही बघावा: लोकसभेला मुंबईत २० मे २०२४ चा सोमवार आला, शनिवार-रविवारला जोडून. नोव्हेंबरातल्या विधानसभेला मग बुधवार ठेवला.

त्याच नोव्हेंबरात ऊसतोड सुरू होते, बीडची टोळी कारखान्यावर आणि नाव गावच्या यादीत. अशा लोकांसाठी ७२ मतदारसंघांची मतं एकाच केंद्रावर घेणारं यंत्र निवडणूक आयोगाने २०२२ च्या अखेरीस पुढे आणलं होतं, पण पक्षांच्या आक्षेपांपुढे ते अडलं.